चिठ्ठीवरचं गाव

गेल्या जूनमध्ये आमच्या विभागाच्या मागच्या खोलीतलं कपाट उघडलं आणि डांबरगोळ्यांचा असा भपकारा नाकात शिरला की मी एकदम बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात जाऊन पडले. तपासणी समिती येणार होती. त्यामुळे वर्षानुवर्षं ज्या पेट्यांकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं त्या अचानक 'विभागाचा वारसा' झाल्या होत्या. विभागप्रमुख म्हणाले, "फुलपाखरं दर्शनी भागात लावा. बाकीचं काय करायचं ते मॅडम, तुम्ही बघा."

बाकीचं म्हणजे अठरा लाकडी पेट्या. वर काच, तळाला कॉर्क, अलीकडच्या पेट्यांना थर्माकोल. टोळ, ढेकूण, गांधीलमाश्या, चतुर. काही पेट्यांत किडे उरलेच नव्हते. नुसत्या टाचण्या, टाचण्यांखाली चिठ्ठ्या आणि तळाला तपकिरी भुसा. सुकलेले किडे खाऊन जगणारे भुंगेरे असतात, त्यांनी हा वारसा आमच्याआधीच वाटून घेतला होता. अशा पेट्यांमधून मी एक उचलली. तिच्यावर कुणीतरी बोरूसारख्या तिरप्या अक्षरात 'न्यूरोप्टेरा' लिहिलं होतं. ती का उचलली, तर सगळ्यात लहान होती म्हणून. दोन आठवड्यांत नोंदवही तयार होईल असा माझा हिशोब होता. आता दुसरा पावसाळा उलटला.

न्यूरोप्टेराला मराठीत सर्वमान्य नाव नाही. मी वर्गात 'जाळीपंखी' म्हणते. जगभरात यांच्या सहा हजारांच्या आसपास जाती आहेत, पण रस्त्यावरच्या माणसाला एकही सांगता येणार नाही. शेतकऱ्याला मात्र एक नक्की माहीत असते, क्रायसोपा. मावा खाणारा मित्रकीटक म्हणून त्याची अंडी विकत मिळतात, कृषी खात्याच्या भित्तिपत्रकावर त्याचं चित्र असतं. पोपटी अंग, अंगापेक्षा लांब पारदर्शक पंख आणि सोन्याच्या मण्यासारखे डोळे. क्रायसोपा या ग्रीक नावाचा अर्थच सोनेरी डोळ्यांचा. हिवाळ्यात रात्री ट्यूबलाइटपाशी हमखास बसलेला दिसतो. बोटांत धरला तर काही जातींना घाणेरडा वास येतो, हे पुस्तकापेक्षा बोटांनीच लवकर कळतं.

याच गणात मातीत नरसाळ्यासारखा खड्डा करून मुंगीची वाट बघणारा मुंगीसिंह येतो. आम्ही लहानपणी देवळाच्या ओट्याखालच्या धुळीतून त्याला काडीनं बाहेर काढायचो आणि तळहातावर उलटं चालवायचो. त्याचं बालपण दोन-दोन वर्षंही चालतं, आणि एवढ्या काळात तो एकदाही विष्ठा टाकत नाही, कारण या अळ्यांचं पोट मागच्या बाजूला बंद असतं. सगळं साठवायचं आणि पंख फुटल्यावर एकदाच मोकळं व्हायचं. हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा वही उघडतात.

पेटीतले हिरवे किडे अर्थातच हिरवे नव्हते. मेल्यावर आठवडाभरात पोपटी रंग उडून वाळल्या गवताचा होतो आणि डोळ्यातलं सोनं तर काही तासांतच विझतं. म्हणजे ज्या दोन गोष्टींवरून माणूस त्याला ओळखतो त्या टाचणीवर आल्या की संपल्या. उरतात पंखांतल्या शिरा. आणि शिरांनी भागलं नाही तर पोटाचं टोक कापून कॉस्टिक पोटॅशच्या दहा टक्के द्रावणात ठेवायचं, मऊ भाग विरघळला की आतली जननांगं सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. हे मी हौशीनं करते असं नाही.

शिरांच्या कामात मला गुरू भेटला तो अनपेक्षित. आमच्या प्रयोगशाळेतले मामा. त्यांचं घराणं विणकरांचं, घरात तेलुगू, वडिलांचा जन्म मागावर गेला. मामाही नोकरी लागायच्या आधी काही वर्षं चादरीच्या कारखान्यात होते. एकदा मी क्रायसोपाचे डावे-उजवे पंख काचपट्टीवर ठेवून आडव्या शिरा मोजत होते. पंखाच्या मधल्या भागात या शिरांच्या पायऱ्यांसारख्या दोन ओळी असतात आणि त्यांची संख्या नोंदवावी लागते. तीनदा मोजल्या, तीन वेगळे आकडे आले. मामा चहा घेऊन आले होते. म्हटलं, बघा जरा.

त्यांनी डोळा लावला, आणि लावूनच ठेवला. मग म्हणाले, "मॅडम, ह्यात एक धागा जास्तीचा आहे की. ह्या बाजूला सात, त्या बाजूला आठ. फणीत चुकलंय."

खरंच होतं. डाव्या आणि उजव्या पंखात एका शिरेचा फरक. मी डाव्यावरून उजव्यावर जात होते आणि उजव्यावरून डाव्यावर, म्हणून गोंधळत होते. त्या दिवसापासून शिरा मोजायचं काम मामांकडे गेलं. त्यांना मी सांगितलं की ही अळी कोष विणते तो रेशीमधागा तोंडातून नाही, शरीराच्या मागच्या टोकातून काढते. मामा बराच वेळ हसले. "म्हणजे आमच्या धंद्यात असती तर उलटी बसवावी लागली असती."

आता नावाची गोष्ट. पेटीतल्या निम्म्याहून जास्त हिरव्या किड्यांखाली चिठ्ठी होती: क्रायसोपर्ला कार्निया. शेतकऱ्याच्या क्रायसोपाचं हे शास्त्रीय नाव. आम्ही हेच शिकलो, मीही वीस वर्षं हेच शिकवलं. कार्निया म्हणजे मांसाच्या रंगाचा. युरोपच्या थंडीत हा हिरवा जीव तांबूस होऊन झोपी जातो म्हणून हे नाव. सोलापूरला कुठली आली तसली थंडी, हा प्रश्न मला वीस वर्षांत एकदाही पडला नाही, याची आता लाज वाटते. २०१० मध्ये चार्ल्स हेन्री आणि त्यांच्या भारतीय व युरोपीय सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की आपल्या शेतातला हा किडा कार्निया नव्हेच. तो क्रायसोपर्ला झास्ट्रोवी या मूळ दक्षिण आफ्रिकेत नोंदल्या गेलेल्या जातीची पोटजात, सिलेमी. पश्चिम आशियापासून भारतापर्यंत पसरलेला.

हे ठरलं कशावरून, तर गाण्यावरून. या कुळातले नर-मादी पोट थरथरवतात आणि ती थरथर देठातून, पानातून समोरच्याच्या पायांना कळते. आपल्याला काही ऐकू येत नाही. दोघांची थरथर एका ठेक्यात जुळली तरच जोडी जमते. दिसायला हुबेहूब पण ठेका वेगळा अशा अनेक जाती कार्निया या एका नावाखाली दडलेल्या होत्या. टाचणीवरच्या किड्याला कुठला ठेका विचारणार? मी आपली गालावरची काळी रेघ बघते, नखांची बुडं बघते, आणि नोंदवहीत 'बहुधा' लिहिते. नोंदवहीत 'बहुधा' हा शब्द इतक्या वेळा आला आहे की मामांनी त्याचा शिक्का बनवून घ्या असं सुचवलं.

सिलेमी हे नाव ज्याच्यावरून पडलं तो सिलेम नावाचा डच माणूस १९२९-३० च्या काराकोरम मोहिमेत होता. त्यानं तिथं दोन पक्षीही टिपले. अॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात ते दुसऱ्याच एका ओळखीच्या पक्ष्याच्या खणात, त्याच्याच नावानं, साठ वर्षं पडून राहिले. १९९२ मध्ये रोसेलार नावाच्या अभ्यासकानं तो खण उघडला तेव्हा कळलं की ही जात जगाला माहीतच नाही. पुढे २०१२ मध्ये चीनच्या चिंगहाई प्रांतात ती जिवंत दिसली. दोन पक्षी आणि दोन नीट लिहिलेल्या चिठ्ठ्या, एवढ्यावर ते निभलं. पक्ष्यावर नाव चुकीचं होतं, पण जागा आणि तारीख बरोबर होती. मी हे वाचून आमच्या पेटीतल्या चिठ्ठ्यांकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागले. किडा बाजूला ठेवून आधी चिठ्ठी वाचायची, असा क्रम झाला.

सगळ्यात जुन्या चिठ्ठ्या १९४० च्या दशकातल्या. इंग्रजीत, टाकानं लिहिलेल्या, शाई तांबडी पडलेली. 'शोलापूर, बॉम्बे प्रेसिडेन्सी.' पुढची: 'अक्कलकोट स्टेट.' त्यापुढची: 'नळदुर्ग, निझाम्स डोमिनियन्स.' तिन्ही चिठ्ठ्यांवर एकच आठवडा. म्हणजे कुणी एक गृहस्थ, बहुतेक सायकलवर किंवा सर्व्हिस मोटारीत, आठवडाभरात तीन राज्यांत फिरून आले होते, आणि तिन्हीकडे त्यांना एकच किडा मिळाला होता. आज यातल्या कुठल्याही गावाला आम्ही सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला घरी येतो. प्रेसिडेन्सी गेली, संस्थान विलीन झालं, निझामाचं राज्य गेलं. नळदुर्ग आधी उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, आता तोच जिल्हा धाराशिव आहे. विजापूरची एक चिठ्ठी आहे, तीही 'बॉम्बे प्रेसिडेन्सी'. ते गाव १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेलं आणि नावानं आता विजयपुरा आहे. नोंदवहीत 'राज्य' असा रकाना आहे. त्यात काय भरायचं? मी मूळ शब्द जसाच्या तसा लिहिते आणि शेजारी आजचा. पण संगणकाच्या तक्त्यात एकच खण असतो. तिथं नळदुर्गचा किडा निमूटपणे महाराष्ट्रात येतो.

अक्षांश-रेखांश काढून झाले तेव्हा एका विद्यार्थिनीनं सगळी ठिकाणं नकाशावर मांडून दिली. जाळीपंखींचा सोलापूर जिल्ह्यातला प्रसार. आम्ही मोठ्या अपेक्षेनं बघत होतो. माळरान, भीमेचा काठ, मंगळवेढ्याची काळी जमीन, सांगोल्याच्या डाळिंबबागा, यांपैकी कशाशी तरी ठिपके जुळतील. जुळले ते पुणे-हैदराबाद रस्त्याशी. रस्त्याला लागून ठिपक्यांची माळ, आणि सोलापूर शहरात तर इतकी गर्दी की ठिपक्यांचा डागच पडलेला. विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, ह्यांना हायवे आवडतो का?"

हायवे आम्हाला आवडतो. जिथं एसटी थांबते, जिथं रात्री मुक्कामाला विश्रामगृह आहे, जिथं व्हरांड्यात ट्यूबलाइट आहे, तिथं ठिपका आहे. वसतिगृहाची न्हाणीघरं हा आमच्या पेटीतला सर्वाधिक समृद्ध अधिवास. माळशिरसचा अर्धा तालुका कोरा दिसतो, कारण आमच्या विभागात कुणाचं सासर-माहेर तिकडे नव्हतं. उलट नान्नजला ठिपके भरपूर, कारण १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य झालं आणि तेव्हापासून प्रत्येक वर्षीची सहल तिकडे जाते. मोठमोठ्या ठिपकेदार पंखांचे मुंगीसिंह तिथल्या गवतातून दमल्यासारखे उडतात, दोन हात अंतरावर पुन्हा बसतात. पकडायला सोपे, म्हणून पेटीत जास्त. माळढोक मात्र त्या माळावर दिसायचे जवळजवळ थांबले. मुलांना मी तो पक्षी दुर्बिणीतून दाखवू शकले नाही, टाचणीवरचे मुंगीसिंह दाखवते.

ट्यूबलाइटच्या या राज्यात काही चिठ्ठ्या मात्र लाखमोलाच्या निघाल्या, आणि त्या कुणा प्राध्यापकाच्या नाहीत. १९७०च्या दशकातला एक विद्यार्थी होता, मोहोळकडचा, शेतकऱ्याच्या घरचा असणार. त्याच्या चिठ्ठ्यांवर गावाखाली एक जास्तीची ओळ असायची. 'शाळू, पोटऱ्यात, चिकटा पडलेला.' 'करडई, काळा मावा.' 'कडवळ, बांधावर.' शाळूवर मावा वाढला की त्याच्या गोड विष्ठेनं पानं तेल लावल्यासारखी चकाकतात, त्याला आपल्याकडे चिकटा म्हणतात. शेतकरी चिकट्यानं हैराण होतो. क्रायसोपर्लाचे पंखवाले मोठे मात्र शिकार करतच नाहीत, हाच चिकटा चाटतात आणि परागकण खातात. मावा फस्त करते ती त्यांची अळी, पोकळ चिमट्यासारख्या जबड्यांनी आतला रस ओढून. त्या मुलाला हे ठाऊक होतं की नाही कोण जाणे. पण त्यानं लिहिलेल्या एका ओळीमुळे तो किडा त्या दिवशी तिथं का होता ते पन्नास वर्षांनी मला कळतं. 'शोलापूर' एवढंच लिहिणाऱ्या विद्वानांच्या चिठ्ठ्यांवरून ते कळत नाही.

तसाच एक छोटा तपकिरी किडा, मायक्रोमस इगोरोटस. नावात फिलिपिन्समधल्या इगोरोत लोकांची आठवण, चिठ्ठीवर 'ऊस, लोकरी मावा, २००३'. २००२च्या पावसाळ्यात सांगली भागात उसावर पांढरा लोकरी मावा दिसला आणि वर्षभरात अख्ख्या पश्चिम महाराष्ट्राच्या तोंडचं पाणी पळालं. पानाखाली कापूस पिंजून टाकावा तसा. फवारे चालले, पण उंच उसात पोहोचणार किती? अखेर मावा आटोक्यात आणण्यात या तपकिरी किड्याचा आणि एका पतंगाच्या अळीचा मोठा वाटा होता. तेव्हा माझ्या सासऱ्यांच्या उसातही तो आला होता. ते रोज संध्याकाळी पान उलटून बघायचे आणि मला विचारायचे, "तुमच्या कॉलेजात ह्यावर काही हाय का नाही?" पेटीतला नमुना त्यांच्याच फडातला आहे, आणि चिठ्ठीवर 'संग्राहक' म्हणून त्यांचं नाव मी तेव्हा लिहिलं होतं ते बघून मला बरं वाटलं.

आणि एक 'घरात, माजघर' अशी चिठ्ठी असलेला क्रोसे. याचे मागचे पंख म्हणजे दोन लांब पांढरे दोरे. जुन्या वाड्यांच्या अंधाऱ्या खोल्यांत संध्याकाळी तो वरखाली तरंगत राहतो. त्याची अळी कोपऱ्यातल्या धुळीत वाढते. आता घरं उजळ झाली, फरश्या चकचकीत झाल्या. हा नमुना १९५१चा. त्यानंतर एकही नाही.

आता माझी पाळी. चौदाव्या ओळीत एक देखणा किडा होता. रुंद पंख, त्यावर काळसर ठिपके, ऍन्किलोप्टेरिक्स. चिठ्ठी: 'सोलापूर, १४ जानेवारी १९९५', खाली माझी आद्याक्षरं. पहिली प्रतिक्रिया म्हणजे अभिमान. अरे, हा आपण मिळवला होता! कोरड्या सोलापुरात असला नमुना, म्हणजे नोंद म्हणून छापण्यासारखा. मग तारखेकडे पुन्हा पाहिलं. चौदा जानेवारी. संक्रांत. सिद्धेश्वराची यात्रा ऐन भरात, गड्ड्यावर पाय ठेवायला जागा नाही, घरी तिळगुळाची आणि पाहुण्यांची धांदल. त्या दिवशी वीस वर्षांची मी जाळी घेऊन किडे पकडत होते? आईनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं असतं?

मग सगळं आठवलं. प्रात्यक्षिक परीक्षेला पन्नास किड्यांची पेटी सादर करायची असे, प्रत्येकाखाली गाव-तारीख हवी. त्याला गुण होते. ठिपकेदार किडा मी नोव्हेंबरमधल्या सहलीत आंबोलीला, विश्रामगृहाच्या भिंतीवर पकडला होता. चिठ्ठ्या लिहायला बसले परीक्षेच्या आदल्या रात्री. आंबोलीची तारीख आठवेना. म्हणून सरळ सोलापूर लिहिलं आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात जी लाल तारीख डोळ्यासमोर आली ती टाकली. गुण पूर्ण मिळाले. चांगली पेटी म्हणून सरांनी ती विभागात ठेवून घेतली.

म्हणजे ज्या नकाशावरच्या हायवेला मी हसत होते, त्यावरचा एक ठिपका माझ्या आळसाचा होता. हा किडा सोलापुरात सापडणारच नाही असं मी म्हणत नाही. देशात तो बराच पसरलेला आहे, कुणाला तरी हिपरग्याच्या तलावाकाठी उद्या मिळेलही. पण मला मिळाला नव्हता.

पुण्यात राहणाऱ्या मैत्रिणीला फोन केला. तिची पेटीही विभागानं ठेवून घेतली होती. "ए, तुझा तो मोठा मुंगीसिंह खरंच अक्कलकोटचा आहे का गं?" पलीकडे आधी शांतता, मग खिदळणं. "अगं, कसलं अक्कलकोट! सिनियरकडून वीस रुपयांना घेतला होता. अक्कलकोट लिहिलं कारण स्वामींचं नाव घेऊन परीक्षेला जात होते." मी १९९०च्या दशकातल्या सगळ्या चिठ्ठ्यांपुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह टाकलं. मोहोळच्या त्या मुलाच्या चिठ्ठ्यांपुढे टाकलं नाही. का, ते सांगता येत नाही. 'चिकटा पडलेला' असं कुणी आदल्या रात्री घरी बसून लिहीत नाही, एवढंच.

या सगळ्यात एकदा मामा धावत आले. जिन्याच्या कठड्याखाली काहीतरी उगवलंय म्हणे. जाऊन पाहिलं तर केसासारख्या बारीक देठांवर दहा-बारा पांढरे ठिपके, वाऱ्यानं डुलत होते. क्रायसोपर्लाची अंडी. मादी आधी रेशमाचा देठ उभा करते, मग टोकावर अंडं ठेवते. असं अधांतरी ठेवल्यानं मुंग्यांपासून ती वाचतात, आणि आधी फुटलेल्या भावंडांपासूनही, कारण ही अळी समोर येईल त्याला खाते, मग ते सख्खं का असेना. मामांना सांगितलं की कोरियात, चीनमध्ये बुद्धाच्या मूर्तीवर अशी अंडी दिसली की लोक दर्शनाला रांगा लावतात. तीन हजार वर्षांतून एकदा फुलणारं उदुंबराचं फूल समजून.

"म्हणजे उंबराचं फूल?" मामा म्हणाले. "आमच्या पोराला मी रोज म्हणतो, पुण्याला गेल्यापासून उंबराचं फूल झालास."

चार दिवसांनी अंडी फुटली. मी चिठ्ठी तयार करून ठेवली होती, पण अळ्या पकडायला मामांनी नकार दिला. त्या कठड्यावरून बाहेरच्या कण्हेरीकडे गेल्या असाव्यात. तिच्यावर पिवळा मावा होताच.

ऍन्किलोप्टेरिक्सचं काय करायचं ते ठरवायला मला आठवडा लागला. काढून टाकला असता तर कुणाला कळलंही नसतं. मामांनी चिमटा पुढे केला, "खोटी चिठ्ठी काढून टाकू?" संग्रहालयाचा एक जुना नियम आहे: आधीची चिठ्ठी कधीच काढायची नाही, नवी तिच्याखाली लावायची. तो नियम मी दरवर्षी मुलांना सांगते. मग बारीक निबानं लिहिलं: 'आंबोली, विश्रामगृहाची भिंत, नोव्हेंबर १९९४, स्मरणावरून. वरची चिठ्ठी खोटी, लिहिणारी मीच.' सही केली.

टाचणी आखूड होती. दोन चिठ्ठ्या बसेनात. मामांनी किड्याला हात न लावता वरची चिठ्ठी चिमट्यानं केसभर वर सरकवली, खालची आत घेतली, आणि पेटी उजेडात धरून दोन्ही वाचता येतात का ते बघितलं.